हेलकाव्याचं माप

आमचे हे वीजघरात कामाला होते, पण त्यांच्या बोलण्यावरून एखाद्याला वाटावं की वीजघरच त्यांच्याकडे कामाला आहे. खोपोलीला डोंगरावरचं पाणी मोठ्या नळांतून खाली यायचं, त्यावर चाकं फिरायची आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज जायची. ह्यांचं काम एवढंच की तासातासाला किती वीज गेली ते काट्यावरून वाचायचं, चौकडीच्या कागदावर टिंब काढायचं आणि टिंबं रेघेने जोडायची. सकाळी गिरण्या सुरू झाल्या की रेघ चढायची, दुपारच्या सुट्टीत जरा बसायची, संध्याकाळी उतरायची. ती रेघ घेऊन हे साहेबापुढे जायचे, साहेब मान हलवायचा, आणि हे घरी येऊन मला सांगायचे, "आज मुंबई जरा सुस्त होती." जसं काही मुंबई दिवसभर ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती.

मी कळंबची. वडिलांची शेती होती, शिवाय आजूबाजूच्या गावांतून भात घेऊन, ते कांडून-सडून, तांदूळ कर्जतला आणि तिथून मुंबईला पाठवायचा त्यांचा धंदा होता. आमच्या घरी जेवताना देवाचं नाव एकदा आणि तांदळाच्या भावाचं नाव दहादा निघायचं. शाळा मी चौथीपर्यंत केली. हिशेब मात्र घरातच पक्का झाला. लग्न ठरवताना वडिलांनी मुलगा पगारदार आहे एवढंच पाहिलं. मुलाने काय पाहिलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

कापसाचं खूळ ह्यांच्या डोक्यात शिरलं ते वर्तमानपत्रातून. कर्जतहून येणाऱ्या गाडीने मुंबईचं वर्तमानपत्र यायचं आणि त्यात कापसाच्या वायद्याचे भाव छापलेले असायचे. दिवसातला सगळ्यात चढा भाव, सगळ्यात उतरता भाव आणि बाजार बंद होतानाचा भाव. मी तो रकाना कधी वाचत नसे, कारण आमच्याकडे कापूस होता तो उश्यांत. हे मात्र एका रविवारी चहाची बशी तशीच हातात धरून त्या आकड्यांकडे बघत राहिले.

"हे तर लोडसारखं आहे," ते म्हणाले.

"कशासारखं?"

"वीजघरातल्या रेघेसारखं गं. चढतं, उतरतं. कागदावर काढलं तर दिसेल."

"दिसून काय होणार?"

"दिसल्यावर कळेल," असं म्हणून त्यांनी चहा प्यायला. तोवर त्यावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्जतहून चौकडीचा कागद मागवला. तो स्वतःच्या पैशाने मागवला, वीजघरातला आणला नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मलाच संशय यायला लागला. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला लागला, कारण बाहेरच्या खोलीत त्यांना लोक काय म्हणतील याची लाज होती आणि आत फक्त मी होते.

ते दिवसाची एक उभी रेघ काढायचे. वरचं टोक म्हणजे चढा भाव, खालचं म्हणजे उतरता. बंद भावाला बाजूला छोटी काडी. अशा रेघा एकीशेजारी एक उभ्या राहिल्या की दुरून पाहणाऱ्याला वाटायचं, भिंतीवर कुणी कुंपण घातलंय. मग गेल्या पंधरा दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढून लाल शाईने एक वळणावळणाची रेघ ओढायची. कुंपण लाल रेघेच्या वर असेल तर बाजार तेजीत, खाली असेल तर मंदीत. एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी म्हटलं, "हे तर आमच्या बाबांना कागदाशिवाय कळतं."

"त्यांना किती कळतं ते कळत नाही," हे म्हणाले. "बघ, ही रेघ लांब आहे, ही आखूड. म्हणजे या दिवशी भावाने जास्त झोके घेतले, या दिवशी कमी. या लांबीची सरासरी काढायची. तो बाजाराचा हेलकावा."

हेलकावा हा शब्द त्यांचा. पुढे आमच्या घरात तो मिठासारखा वापरला जायला लागला. सासूबाई येऊन गेल्या की हे म्हणायचे, "या खेपेला हेलकावा कमी होता."

खऱ्या बाजारात उतरायला ह्यांचा धीर नव्हता, म्हणून त्यांनी खोटा बाजार मांडला. मी दलाल, ते गिऱ्हाईक, आणि नाण्याऐवजी चिंचोके. संध्याकाळी वर्तमानपत्र आलं की हे भिंतीसमोर उभे राहून गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "तेजीचा सौदा. लहान." मी भाजी निवडता निवडता चिंचोके बाजूला काढायचे. असा धंदा आमचा जवळपास वर्षभर चालला. शेजारणीला वाटायचं आम्ही सारीपाट खेळतो. तिला मी ते खरंच आहे असं सांगून टाकलं, कारण खरं सांगितलं असतं तर ती जास्त घाबरली असती.

या खेळात ह्यांनी नियम बांधले, आणि ते नियम चांगले होते हे मी आजही म्हणते. लाल रेघेच्या बाजूनेच सौदा करायचा. सौदा करतानाच कागदावर एक आडवी खूण करायची, घेतलेल्या भावापासून दोन हेलकावे दूर. बाजार उलटा फिरून त्या खुणेपर्यंत आला की तोटा सोसून बाहेर पडायचं. एक हेलकावा उलट गेला तर घाबरायचं नाही, तेवढं तर बाजार रोजच श्वास घेतो. दोन गेला म्हणजे आपण चुकलो. आणि हेलकावा मोठा झाला की सौदा लहान करायचा. दुप्पट हेलकावा, तर निम्मा सौदा. खवळलेल्या पाण्यात लहान होडी घालू नये असं मी म्हणाले, तर हे म्हणाले, "उलटं. खवळलेल्या पाण्यात होडीत माणसं कमी घालावीत." ते मला पटलं.

पण नियम बांधणारा माणूस एक आणि पाळणारा दुसरा असावा लागतो, हे मला त्या चिंचोक्यांनी शिकवलं. एकदा मी सौद्याचा हिशेब करायला भिंतीपाशी गेले तर खुणेच्या जागी कागद केसाळ झालेला. रबराने खोडला होता. खूण एक बोट खाली सरकली होती.

"ही खूण इथे नव्हती," मी म्हटलं.

"जरा सुधारली."

"बाजार खुणेला लागल्यावर?"

"लागायच्या आधी."

"मग वर्तमानपत्र घरात आल्यावर तुम्ही ते माझ्याआधी का वाचलंत?"

ह्यांनी चिंचोके दिले.

त्या उन्हाळ्यात माझे वडील आमच्याकडे राहायला आले. त्यांनी भिंत पाहिली, धोतराचा सोगा सावरला. मग ह्यांना विचारलं, "जावईबापू, ह्ये काय हाय?"

ह्यांनी समजावून सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कापसाचं ऱ्हाऊ द्या. आपल्याला कापसाचं काय करायचं? तांदळाचं काडा."

वडिलांच्या कोठारात त्या वर्षी तांदूळ भरून होता. पावसाळ्यात भाव चढतो, तेव्हा काढू, असा त्यांचा बेत होता. ह्यांनी मागच्या आठवड्यांचे भाव विचारले. वडिलांनी कधी काही लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळं डोक्यात होतं, फक्त तिथं ते वेगळ्या पद्धतीने ठेवलेलं होतं. म्हैस व्याली त्या आठवड्याचा भाव अमुक. चुलत्याचा पाय मोडला तेव्हा तमुक. गावात तमाशा आला आणि दोन जावांची मारामारी झाली तेव्हा भाव तोच, पण दुपारनंतर थोडा उतरला. हे मान खाली घालून टिंबं काढत होते. तांदळाच्या त्या कागदावर टिंबांखाली म्हैस, पाय, मारामारी असं पेन्सिलीने लिहिलेलं मला अजून आठवतं.

कागद पुरा झाल्यावर त्यावर उभ्या रेघा जवळजवळ नव्हत्याच. नुसते ठिपके, एका ओळीत. कित्येक आठवडे भाव जागचा हललेला नव्हता.

"हेलकावा मेला आहे," हे म्हणाले. "असा बाजार फार दिवस राहत नाही. कुठल्यातरी बाजूला फुटणार. ज्या बाजूला फुटेल त्या बाजूला आपण जायचं."

"कुटल्या बाजूला फुटंल?"

"ते आत्ता सांगता येत नाही."

"म्हंजे तुमाला ठाव नाय."

"नाही."

"मंग येवढा कागद कशापायी काळा केला?" वडिलांनी विचारलं, आणि ते चिडून नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. मी चुलीकडे तोंड करून हसले.

वडील गेले. काही आठवड्यांनी मुंबईत रंगूनी तांदळाची आवक वाढल्याची बातमी आली आणि कर्जतच्या बाजारात भाव एका दिवसात एवढा उतरला की ह्यांच्या कागदावर पहिल्यांदाच खरी लांब रेघ निघाली. ती ठिपक्यांच्या ओळीखाली लोंबत होती. ह्यांनी दोन दिवसांची रजा टाकली, आम्ही दोघं गाडीने कर्जतला आणि तिथून बैलगाडीने कळंबला गेलो. हे ओटीवर चढता चढताच म्हणाले, "बाबा, फुटला. खाली फुटला. आता माल काढा."

वडील म्हणाले, "येक डाव उतरतो, परत चढतो. पाऊस लागू दे की."

"परत चढला तर पुन्हा घेऊ. आत्ता काढा."

"तुमचा कागद म्हंतो काडा. देव काय म्हंतो त्ये बघू."

मग सगळी मिरवणूक देवळात. आमच्या गावच्या देवाला कौल लावायची पद्धत होती. गुरव मूर्तीवर दोन बाजूंना ओली फुलं चिकटवायचा. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. वडिलांनी विचारलं, "देवा, माल काडू का?" आणि आम्ही बसलो. फुलं बसली ती बसलीच. हे घामाने डबडबले होते. मला वाटतं मुंबईच्या बाजारात पुढे ह्यांना एवढा घाम कधी आला नाही. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं. त्यानेच जरा जास्त शिंपडलं असेल, किंवा देवाला आमचा कंटाळा आला असेल, पण उजवं फूल घसरलं.

वडिलांनी त्याच आठवड्यात माल काढला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तांदूळ उतरतच गेला. आजूबाजूच्या ज्या लोकांनी साठवून ठेवला होता त्यांच्या पोत्यांत टोके झाले, किड्यांनी तांदूळ पोखरला. वडिलांनी देवाला मोठा नारळ फोडला, गावजेवण घातलं आणि सगळ्यांना सांगितलं की देवाने वाचवलं. आम्हालाही एक नारळ पाठवला. तो लहान होता.

ह्यांच्या मनाला ते फार लागलं. नारळाच्या आकाराचं नव्हे म्हणत होते, पण दोनदा हातात घेऊन पाहिला.

"देवाने फूल टाकलं ते बरोबर," मला म्हणाले, "पण कौल कधी लावायचा हे कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

"मग?"

"मग काय? देवळात तुमची मूर्ती बसवायची का?"

त्यानंतर महिन्याभरातच ते खऱ्या बाजारात उतरले. वडिलांचा मुंबईचा एक अडत्या होता, त्याच्या ओळखीने कापसाच्या बाजारातला एक दलाल मिळाला. लहान माणसांसाठी लहान सौदे तिथं व्हायचे. हे लग्नातला कोट घालून मुंबईला गेले आणि आम्ही साठवलेल्यातले निम्मे पैसे दलालाकडे ठेवून आले. उरलेले निम्मे मी कुठे ठेवलेत ते त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. तेवढी अक्कल आमच्या दोघांतही होती.

सुरुवातीचे सौदे लहान, नियमाने, आणि बरेचसे तोट्याचे. खूण लागली की ह्यांचं पोस्टकार्ड दलालाकडे जायचं, सौदा कापला जायचा. मधूनच एखादा सौदा चांगला लांब चालायचा आणि आधीचे चारपाच तोटे भरून काढायचा. मला हा धंदा आवडायला लागला होता. भात पेरावं तसा तो होता, दाणे पुष्कळ वाया जातात आणि तरी पोट भरतं. ह्यांना मात्र तोटा झाला की जेवण जायचं नाही आणि नफा झाला की अंगात यायचं.

मग एक मोठी तेजी आली. कुंपण लाल रेघेपासून वर उठलं आणि चढतच गेलं. हे तेजीत होते. घरात गाणं म्हणायला लागले. कर्जतला जाऊन चांदीच्या मुठीची काठी घेऊन आले. त्यांचे पाय ठणठणीत होते, त्यामुळे काठी टेकायची कुठे हा प्रश्न पडायचा आणि ती हवेतच जास्त फिरायची. वीजघरातले दोघंतिघं संध्याकाळी भिंत पाहायला येऊ लागले. ह्यांनी भिंत बाहेरच्या खोलीत हलवली, म्हणजे कागद हलवला.

तेजीच्या शेवटी शेवटी रेघा लांब व्हायला लागल्या. अमेरिकेतल्या पिकाची एखादी बातमी आली की भाव सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे. हेलकावा आधी दुप्पट झाला, मग त्याहून मोठा. नियम स्पष्ट होता, सौदा लहान करायचा.

"कमी केलात ना सौदा?" मी विचारलं.

"वाढवला."

"का?"

"आता पैसा दिसतोय तेव्हा कमी करायचा? तू दलाल होतीस तेव्हाचे नियम चिंचोक्यांचे होते."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. समोर पाहुणे बसले होते, म्हणून चहा केला.

त्याच आठवड्यात ह्यांना हिवताप भरला. आमच्या भागात तो काही नवा नव्हता, पावसानंतर घरोघरी एक तरी माणूस घोंगडीखाली कुडकुडत असायचा. दात वाजताहेत, क्विनीनने कान गुंगताहेत, आणि तरी हे म्हणायचे, "पेपर आला का? वाच." मी वाचून दाखवायचे आणि कागदावर रेघही मीच काढायचे, कारण त्यांच्या हाताने काढली असती तर तापाचा हेलकावा निघाला असता.

तिसऱ्या दिवशी की चौथ्या, मी रेघ काढली आणि ती खुणेच्या खाली गेली. बंद भावही खाली. मी पुन्हा मोजलं. मग त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"खूण लागली."

"किती खाली?"

मी बोटाने दाखवलं.

"थांब," ते म्हणाले. "परत येईल. मला माहीत आहे, परत येईल."

"कागद म्हणतो बाहेर पडा."

"कागद मी काढलाय."

"हा मी काढलाय," मी म्हटलं. "आणि नियम तुम्ही बांधलाय. मी त्यात काहीच नवीन घातलेलं नाही."

"अगं, आत्ता विकलं तर एवढे दिवस केलेलं सगळं जाईल."

"आणि नाही विकलं तर?"

त्यांनी घोंगडी डोक्यावर ओढून घेतली. ते उत्तर होतं असं मी धरलं. त्यांना क्विनीन दिलं, शेजारणीला बसवलं, पदर खोचला आणि पोस्टात गेले.

पोस्टमास्तर म्हणजे एक पोक्त गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. बाईमाणूस तार करायला आलं म्हणजे कुणीतरी गेलं असं धरून त्यांनी आधीच चेहरा पाडला.

"कोण वारलं?"

"कोणी नाही. सौदा कापायचाय."

त्यांनी चेहरा परत उचलला. "तार कोणाच्या नावाने?"

"ह्यांच्या."

"त्यांनी सांगितलंय का?"

"सगळे नियम त्यांनीच सांगितलेत," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

पोस्टमास्तर जरा घुटमळले. वीजघराचा माणूस, तापाने पडलेला, बायको समोर उभी, तिच्या चेहऱ्यावर विळा घेऊन कापणीला निघाल्याचा भाव. त्यांनी टाक बुडवला. "मजकूर?"

"सगळं विका."

"सगळं म्हणजे काय काय? तिकडचा माणूस घोटाळ्यात पडेल."

"त्याला कळेल."

"शिवाय एवढ्या पैशांत आणखी शब्द बसतात," ते म्हणाले. पैसे देऊन शब्द वाया जाताना बघणं त्यांच्या जिवावर येत होतं. "खुशाली घाला."

खुशाली मला घालायची नव्हती. मी विचार केला आणि म्हटलं, "लिहा, आजच विका, पुन्हा विचारू नका." त्यांनी त्याचं इंग्रजी केलं, मला वाचून दाखवलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण ऐकायला ठाम वाटलं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, शिवाय दलालाचं उत्तर येणारच होतं. ते मग भिंतीकडे तोंड करून झोपले. कागद नसलेल्या भिंतीकडे.

पुढे काय झालं ते सांगायला मला आजही फारसं आवडत नाही. दुसऱ्या दिवशी बाजार वर गेला. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी वर. आम्ही जिथे विकलं त्याच्या किती वर गेला ते मी रेघ काढताना पाहत होते, आणि पाहुणेही पाहत होते. थांबलो असतो तर सगळा तोटा भरून निघून वर नफा झाला असता. वीजघरातला एकजण हसत म्हणाला, "वहिनींनी घाई केली." मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

ह्यांचा ताप उतरला, पण बोलणं बंद. "मीठ दे", "पाणी दे", एवढंच. मीही मीठ आणि पाणी देत राहिले. मी माफी मागितली नाही. कशाची मागायची? नाणं उडवून छापा पडला म्हणून काटा म्हणणारा मूर्ख ठरत नाही, पण हे समजावायला समोरचा माणूस ऐकणारा लागतो.

मग एका सकाळी मला दिसलं की हे कागदासमोर बसलेत, हातात फूटपट्टी. त्या तापाच्या दिवसांतल्या रेघा मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी खुणेपासून खाली तेवढंच अंतर मोजलं, जेवढा बाजार नंतर वर गेला होता. म्हणजे तो वर न जाता खाली गेला असता तर. पट्टी कागदाच्या बाहेर गेली, भिंतीवर आली. ते पट्टी तशीच धरून बसून राहिले.

"दलालाकडचे सगळे गेले असते," ते म्हणाले. "वर तुझ्याकडचेही द्यावे लागले असते."

मी तांदूळ पाखडत होते, ते पाखडत राहिले.

"खूण दोन हेलकाव्यांवर नको होती," पट्टी खाली ठेवत ते म्हणाले. "तीनवर हवी होती."

"ठेवा की तीनवर," मी म्हटलं. "पण आधी ठेवा. आणि तीनवर ठेवलीत तर सौदा त्या मानाने लहान."

"ते मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे."

यावर ते हसले. आठवड्यात पहिल्यांदा. मग म्हणाले, "पुन्हा विचारू नका, हे कशाला लिहिलंस? दलाल काय म्हणेल?"

दलाल काय म्हणाला ते त्यांना पुढच्या खेपेला मुंबईला कळलं. त्या दिवशी त्याच्याकडे तारांचा ढीग आला होता आणि प्रत्येकाने लिहिलं होतं, थांबा. काहींनी पैसे पाठवून थांबा म्हटलं होतं, काहींनी नुसतंच. तो ह्यांना म्हणाला, "तुमची तार तेवढी मला समजली." ह्यांनी तार कुणी केली ते त्याला सांगितलं नाही. मला मात्र घरी येऊन हे सगळं सांगितलं, म्हणजे अर्धं कर्ज फेडलं असं मी समजून घेतलं.

त्या खेपेला त्यांनी दलालाला कायमचं सांगून ठेवलं की सौदा करतानाच बाहेर पडण्याचा भाव लिहून घ्यायचा, आणि तो आला की कोणालाही न विचारता सौदा कापायचा. मग ह्यांची तार येवो, की माझी, की देवाची. काठी त्यांनी एका सेवानिवृत्त फोरमनला देऊन टाकली. त्याला खरोखर गरज होती.

पुढची काही वर्षं आम्ही सौदे करत राहिलो, लहान आणि कंटाळवाणे. श्रीमंत झालो नाही. कर्जतजवळ भिसेगावला घर बांधलं तेव्हा छपराची कौलं कापसाच्या पैशांतून आली असं हे सांगायचे. मी हिशेब केला होता, निम्मीच आली होती, पण निम्म्या छपराची गोष्ट सांगायला बरी वाटत नाही म्हणून मी गप्प बसायचे. ज्याने मला घाई केली म्हटलं होतं, त्याने पुढे स्वतः सौदे केले. त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. तो साजगावकडे राहायला गेला आणि भेटला की नेहमी पिकपाण्याचं बोलायचा.

ह्यांचं मन पुढे कागदावरून उडालं. ते मोकळ्या वेळात परसात वांगी लावायला लागले आणि आता वांग्यांबद्दल तेवढ्याच खात्रीने बोलतात. त्याच सुमाराला कापसाचा बाजार झोपला. मंदीने सगळ्यांचीच हाडं मोडली होती आणि आठवडेच्या आठवडे रेघा नुसत्या नखाएवढ्या. सौदा करण्यासारखं काही नव्हतं. तरी वर्तमानपत्र आलं की मी हात पुसून रेघ काढायचे. हेलकावा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता आणि तो कुठल्या बाजूला फुटतो ते मला बघायचं होतं.

हे परसातून चिखलाचे पाय घेऊन आत यायचे आणि दारातूनच विचारायचे, "काय गं, हलला का?"

"अजून नाही," मी म्हणायचे. "पाय धुऊन या."